मेलबर्नचं 'ऑपरेशन फॉर्टिट्यूड' : भाषा चुकली होती की बेत?

यारातीर

ऑस्ट्रेलियातल्या व्हिसा-तपासणीचा विषय निघाला की २८ ऑगस्ट २०१५ चा शुक्रवार हमखास निघतो. मग कुणीतरी म्हणतंच, "ती काय, एका प्रेसनोटची गडबड होती." ही समजूत कशी रुजली ते नीट बघायला हवं, म्हणून धागा काढतोय.

घटनाक्रम आधी. १ जुलै २०१५ ला कस्टम्स खातं आणि इमिग्रेशनचा अंमलबजावणी विभाग एकत्र करून ऑस्ट्रेलियन बॉर्डर फोर्स उभी राहिली. दोन महिनेही झाले नव्हते, तोच २८ ऑगस्टच्या सकाळी त्यांचं पत्रक आलं. त्या आठवड्याअखेरीस मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात संयुक्त मोहीम होणार, तीत व्हिक्टोरिया पोलीस, मेट्रो ट्रेन्स, यारा ट्रॅम्स, शेरीफचं कार्यालय, टॅक्सी सर्व्हिसेस कमिशन आणि बॉर्डर फोर्स असणार. व्हिक्टोरिया-टास्मानियाचे प्रादेशिक कमांडर डॉन स्मिथ यांच्या नावाने त्यात एक वाक्य होतं. त्याचा आशय असा, की आमचे अधिकारी शहरात ठिकठिकाणी असतील आणि वाटेत भेटेल त्या कोणाशीही बोलतील. पुढे इशारा होता, की व्हिसात फसवणूक केली असेल तर आज ना उद्या सापडणारच.

पत्रक काही तासांत सगळीकडे पोचलं. दुपारी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनपाशी पत्रकार परिषद ठेवली होती, तिथेच लोक जमले आणि चौकात उतरले. परिषद रद्द झाली. थोड्याच वेळात व्हिक्टोरिया पोलिसांनी अख्खी मोहीमच रद्द केली आणि लोकांची काळजी लक्षात घेऊन हा निर्णय घेतल्याचं सांगितलं. राज्याचे पोलीसमंत्री वेड नूनन यांनीही बॉर्डर फोर्सच्या घोषणेवर उघड नाराजी दाखवली.

त्यानंतर सारवासारव सुरू झाली. आम्ही कुणाला रस्त्यात सरसकट थांबवत नाही आणि थांबवणारही नाही, असा खुलासा बॉर्डर फोर्सने केला. कमिशनर रोमन क्वाडव्लीग यांनी पत्रकाची भाषा बेढब होती एवढं मान्य केलं. पंतप्रधान टोनी ॲबट म्हणाले, वाईट शब्दांतलं पत्रक निघालं, याखेरीज काहीच घडलेलं नाही. इमिग्रेशनमंत्री पीटर डटन यांच्या कार्यालयात तेच पत्रक आधी दोनदा पोचलं होतं. नेहमीचंच समजून ते कुणी वाचलं नाही, असा खुलासा आला.

माझ्या मते 'शब्द चुकले' हे उत्तर मुद्दाम निवडलेलं होतं. चूक शब्दांची ठरली की ती माहिती विभागातल्या कारकुनाच्या माथी मारता येते. सहा यंत्रणा एकत्र बसून आखणी करतात, त्यात व्हिसा तपासणारं खातं कशासाठी बसवलं, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही. जाणकारांनी भर घालावी.

कलम_उपकलम

उत्तम धागा. कायदा काय सांगतो ते आधी मांडतो, कारण त्या दिवसाच्या बातम्यांतही यात गोंधळ होता.

मायग्रेशन ॲक्ट १९५८, कलम १८८. एखादी व्यक्ती ऑस्ट्रेलियाची नागरिक नाही हे अधिकाऱ्याला ठाऊक असेल किंवा तसा वाजवी संशय असेल, तरच तो तिच्याकडे कायदेशीर वास्तव्याचा किंवा ओळखीचा पुरावा मागू शकतो. सगळा भार 'तरच'वर आहे. संशय त्या विशिष्ट माणसाबद्दल हवा आणि तो प्रश्न विचारण्याच्या आधी हवा. आधी विचारायचं आणि उत्तरावरून संशय घ्यायचा, हे १८८ मध्ये बसत नाही.

कलम १८९ यापेक्षा कडक आहे. कुणी बेकायदा वास्तव्यात आहे असा अधिकाऱ्याचा वाजवी संशय झाला, की त्याला ताब्यात घ्यावंच लागतं. तिथे 'शकतो' नाही, 'घेतलंच पाहिजे' आहे. म्हणून रस्त्यावरची 'नुसती चौकशी' कधीच नुसती नसते. प्रश्नाला अडखळत उत्तर दिलं, कागद सापडला नाही, की गाडी १८८ वरून १८९ वर जाते.

'वाजवी' म्हणजे काय, यावर फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाचा २००२ चा गोल्डी खटला वाचावा. हा माणूस बेकायदा *असू शकेल* एवढं वाटणं पुरेसं नाही, तो बेकायदा *आहे* असा संशय हवा, आणि हाताशी असलेली माहिती तपासून घेतलेला हवा, असं कोर्टाने म्हटलं. उलट बाजूला हायकोर्टाचा (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) २००५ चा रडॉक विरुद्ध टेलर आहे. तिथे मूळ व्हिसा-रद्दीचा निर्णय पुढे बेकायदा ठरला, तरी तेव्हाचा संशय वाजवी असू शकतो असं बहुमत पडलं. म्हणजे अधिकाऱ्याला थोडी मोकळीक आहे, पण 'वाटेत भेटेल तो' इतकी नाही.

तेव्हा पत्रकातलं ते वाक्य जसंच्या तसं अमलात आणलं असतं, तर कलम १८८ चा भंग झाला असता. भाषा वाईट होती या बचावाचा कायद्याच्या अंगाने अर्थ एवढाच निघतो, की खात्याने स्वतःच्याच अधिकाराबाहेरची गोष्ट जाहीर केली होती.

सिडनीकर

मी थोडा वेगळा सूर लावतो. संयुक्त मोहिमा ऑस्ट्रेलियात नवीन नाहीत. टॅक्सी कमिशन टॅक्सीचालकाचा परवाना बघतं, त्यात कुणाच्या व्हिसावर काम करायची परवानगी नसेल तर ते बॉर्डर फोर्सला कळवतं. शेरीफ थकलेल्या दंडाची वॉरंटं बजावतात. प्रत्येकजण आपापलं काम करतो आणि गरज पडली तर शेजारच्याला हाक मारतो. बेत एवढाच असणार. देशात व्हिसा संपूनही राहिलेले तेव्हा ६० हजारांच्या आसपास होते. कायदा पाळून, लाखो रुपये फी भरून आलेल्यांवर तो अन्यायच आहे. तपासायचंच नाही, असं म्हणायचंय का?

जॅकरांडा

@सिडनीकर, आकडा बरोबर आहे, त्यावरूनच हिशेब करू. २०१५ साली लोकसंख्या साधारण २ कोटी ३८ लाख. त्यात ६० हजार म्हणजे ४०० माणसांत १. शहराच्या मध्यभागी पर्यटक आणि विद्यार्थी जास्त असतात हे धरून दुप्पट करा, तरी २०० त १. एक माणूस सापडावा म्हणून १९९ जणांना कागद मागायचे. ते १९९ कोण असणार, हे अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर ठरणार. तेव्हा देशातले २८ टक्के रहिवासी परदेशात जन्मलेले होते. चेहरा, उच्चार, कपडे यांवरून नागरिक कोण आणि पाहुणा कोण, हे तिथे कुणालाच सांगता येत नाही.

शिवाय माहिती खात्याकडे आधीच असते. ऑस्ट्रेलिया बेट आहे. प्रत्येक येणं-जाणं विमानतळावर किंवा बंदरात नोंदलं जातं आणि व्हिसाच्या नोंदीशी जोडलं जातं. कुणाचा व्हिसा कुठल्या तारखेला संपला आणि तो बाहेर गेला नाही, हे खात्याला यादीत नावानिशी दिसतं. नाव माहीत आहे, पत्ता माहीत नाही, एवढीच त्यांची अडचण. पत्ता सापडतो तो कामाच्या जागा, भाड्याच्या नोंदी, कुणीतरी दिलेली खबर यांतून. स्टेशनच्या पायऱ्यांवर उभं राहून सापडत नाही. तिथे उभं राहण्याचा उपयोग एकच, गणवेश लोकांच्या नजरेस पडतो. पत्रकाचा सूर तोच होता.

कलम_उपकलम

@सिडनीकर, 'हाक मारण्या'बद्दल. त्यातलीच खाच दाखवतो.

ट्रेन-ट्रॅममधले तिकीट तपासनीस नाव-पत्ता मागू शकतात, पण गुन्हा झाल्याचं वाजवी कारण असेल तेव्हाच, म्हणजे मायकी हे तिकिटाचं कार्ड यंत्राला लावलेलं नसेल वगैरे. व्हिसा विचारायचा अधिकार त्यांना नाही. व्हिक्टोरियाच्या क्राइम्स ॲक्टच्या कलम ४५६एए नुसार पोलीसही नाव-पत्ता मागतात तेव्हा गुन्ह्याशी संबंध लागतो. शेरीफच्या हातात दंडाचं वॉरंट असतं. तिघांचे अधिकार वेगवेगळे आणि अरुंद आहेत. तिघांच्या मागे बॉर्डर फोर्सचा माणूस उभा केला, की एका साध्या तिकिटासाठी दिलेलं नाव-पत्ता व्हिसाच्या चौकशीला पुरवलं जातं. प्रत्येक पायरी सुटी पाहिली तर कायदेशीर, आणि चारी मिळून असा सापळा जो संसदेने कधी मंजूर केलेला नाही.

आणखी एक. मायग्रेशन ॲक्टमध्ये 'अधिकारी' या शब्दाच्या व्याख्येत राज्यांचे पोलीसही येतात. १८८-१८९ चे अधिकार त्यांच्याकडे आहेतच. मग बॉर्डर फोर्स मुद्दाम सोबत कशाला?

मध्यममार्गी

आता एक अगदी साधा प्रश्न. नागरिकाला विचारलं तर त्याने दाखवायचं काय?

जॅकरांडा

खरं उत्तर, दाखवण्यासारखं काही नाही. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय ओळखपत्र नाही. १९८५ मध्ये हॉक सरकारने 'ऑस्ट्रेलिया कार्ड' आणायचं ठरवलं. त्यावरून १९८७ मध्ये संसदेची दोन्ही सभागृहं विसर्जित करून निवडणूक घेतली, जिंकली, आणि नंतर काही महिन्यांत लोकांचा रोष इतका वाढला की कार्ड गुंडाळून ठेवावं लागलं. फ्लिंडर्स स्ट्रीटवर जे लोक उतरले ते एका जुन्या वळणाने उतरले होते. 'कागद दाखवा' हे वाक्य तिथे डाव्यांनाही चालत नाही आणि उजव्यांतल्या बऱ्याच जणांनाही चालत नाही. त्या दिवशी विरोध एवढ्या लवकर आणि एवढ्या बाजूंनी आला, त्याचं कारण मला तरी इथे दिसतं.

ड्रायव्हिंग लायसन्सवर नागरिकत्व लिहिलेलं नसतं. पासपोर्ट घरी असतो, सगळ्यांकडे असतोच असंही नाही. आणि व्हिसा तपासायची जी ऑनलाइन यंत्रणा आहे, व्हेवो, तिच्यात नागरिक सापडतच नाहीत, कारण नागरिक झाल्यावर व्हिसाच संपतो. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी नागरिक झालेल्या माणसाचं नाव टाकलं की 'नोंद नाही' येतं. बेकायदा माणसाचं नाव टाकूनही वैध व्हिसा दिसत नाही. पडद्यावर दोघंही सारखेच.

हे नुसतं तर्काने बोलत नाही. कॉर्नेलिया राऊ ऑस्ट्रेलियाच्या कायम रहिवासी होत्या, मानसिक आजारात जर्मन बोलत होत्या आणि वेगळं नाव सांगत होत्या. २००४-०५ मध्ये त्यांना दहा महिने डांबून ठेवलं, त्यातले सहा महिने ब्रिस्बेनच्या तुरुंगात. व्हिव्हियन सोलोन तर नागरिक होत्या. त्यांना जुलै २००१ मध्ये फिलिपिन्सला हाकलून दिलं. चूक २००३ मध्येच खात्यातल्या काहींच्या लक्षात आली होती, तरी त्या सापडायला मे २००५ उजाडला. पुढे लोकपालाने अशी आणखी २४७ प्रकरणं तपासली. रस्त्यात उभं राहून दोन मिनिटांत नागरिकत्व ओळखू म्हणणाऱ्या खात्याचा हा पूर्वेतिहास आहे.

डॅन्डेनाँग

चर्चा कायद्यावर चाललीय ती चांगलीच आहे, पण या भीतीचा फायदा कुणाला होतो तेही बोला.

फॉर्टिट्यूड रद्द झाल्यावर लगेच, ३१ ऑगस्ट २०१५ ला, एबीसी वाहिनी आणि फेअरफॅक्सच्या वर्तमानपत्रांनी सेव्हन-इलेव्हन दुकानांतलं पगाराचं प्रकरण बाहेर काढलं. पद्धत अशी होती. विद्यार्थी व्हिसावर तेव्हा पंधरवड्याला ४० तास काम करायची मुभा. दुकानमालक आठवड्याला ४० तास राबवून घ्यायचा आणि नोंदवहीत २० च लिहायचा. पगार कागदावर पूर्ण दराने, प्रत्यक्षात निम्म्याने. विद्यार्थ्याने तोंड उघडलं की मालक म्हणणार, "तास तूच जास्त भरलेस, इमिग्रेशनला कळवतो." यात भारतीय उपखंडातली मुलं खूप होती. पुढे भरपाईची रक्कम १५ कोटी डॉलरांच्या वर गेली.

ही दोन प्रकरणं एकाच आठवड्यातली, पण कुणी जोडून पाहत नाही. रस्त्यावर व्हिसा तपासणार असं सरकार म्हणतं तेव्हा व्हिसा मोडणारा घाबरतो की नाही ठाऊक नाही, त्याला राबवणारा मालक मात्र नक्की बळकट होतो. त्याच्या धमकीला सरकारी शिक्का मिळतो.

सिडनीकर

@डॅन्डेनाँग, हा मुद्दा पटला. पण मग त्या मुलांनी तास मोडले होते हेही खरंच ना? नियम मोडला की व्हिसा रद्द, हे तर अर्ज करतानाच माहीत असतं.

डॅन्डेनाँग

मोडले, आणि अट ८१०५ (विद्यार्थी व्हिसावरची कामाच्या तासांची अट) मोडल्यावर कलम ११६ खाली व्हिसा रद्द *होऊ शकतो*. आपोआप होत नाही. आधी नोटीस येते, बाजू मांडायची संधी असते आणि परिस्थिती विचारात घ्यावी लागते. मालकाने दबाव टाकला होता ही त्यातली मोठी गोष्ट.

आता बदललेल्या गोष्टी लिहितो, कारण जुन्या माहितीवर लोक अजून घाबरून आहेत. १ जुलै २०२३ पासून मर्यादा पंधरवड्याला ४८ तास आहे. अभ्यासक्रमाला सुट्टी असेल तेव्हा मर्यादा नाही. संशोधनाची पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी सुरू झालेल्यांनाही नाही. 'पंधरवडा' सोमवारी सुरू होणारे कुठलेही सलग १४ दिवस असा मोजतात, इथे बरेचजण फसतात. पहिल्या आठवड्यात १०, दुसऱ्यात ३५, तिसऱ्यात २० असं केलं, तर पहिला-दुसरा मिळून ४५ होतात, ठीक. दुसरा-तिसरा मिळून ५५, अट मोडली. पगाराचा पंधरवडा वेगळा असला तरी ही मोजणी तशीच.

१ जुलै २०२४ पासून व्हिसाची धमकी देऊन काम करवून घेणं हा मालकाचा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. त्याच महिन्यात पथदर्शी योजनाही आली. पिळवणुकीची तक्रार फेअर वर्क ऑम्बुड्समन या कामगार हक्कांच्या सरकारी संस्थेकडे किंवा मान्यताप्राप्त कामगार संघटनेकडे, कायदा केंद्राकडे नेली आणि त्यांनी ती प्रमाणित केली, तर कामाच्या अटी मोडल्याच्या कारणावरून व्हिसा रद्द होण्यापासून संरक्षण मिळू शकतं. प्रमाणपत्राशिवाय नुसती तक्रार पुरत नाही. पुरावे म्हणून रोस्टरचे फोटो, बँकेतली जमा, मालकाचे मेसेज आणि स्वतः ठेवलेली तासांची वही जपून ठेवावी. योजना पथदर्शी आहे, तेव्हा अर्जाआधी ती कुठल्या स्वरूपात चालू आहे ते कायदा केंद्राकडून विचारून घ्यावं.

जुनी_पानं

राजकीय रंगसफेदीचा मुद्दा धाग्याच्या पहिल्या पोस्टमध्ये आहे, तिकडे वळतो. फॉर्टिट्यूडला आधीची दोन उदाहरणं शेजारी ठेवली की पद्धत उघडी पडते.

ऑक्टोबर २००१. निवडणूक १० नोव्हेंबरला. ७ ऑक्टोबरला मंत्री फिलिप रडॉक यांनी सांगितलं, की बोटीतून आलेल्या आश्रयार्थींनी स्वतःची मुलं समुद्रात फेकली. दोन-तीन दिवसांत संरक्षणमंत्री पीटर रीथ यांनी पुरावा म्हणून पाण्यातल्या मुलांचे फोटो दिले. ते फोटो ८ ऑक्टोबरचे होते, बोट बुडत असताना 'एचएमएएस ॲडलेड'चे नौसैनिक माणसांना वाचवत होते तेव्हाचे. मुलं फेकल्याचा पुरावा नव्हता. नौदलातून दुरुस्ती वर कळवली गेली, पण ती मतदानाआधी लोकांपर्यंत सरकारने पोचू दिली नाही. सिनेटच्या समितीने २००२ मध्ये हे सगळं नोंदवलं, तोवर निवडणूक जिंकून झाली होती.

जुलै २००७. बंगळूरचे डॉ. मोहम्मद हनीफ गोल्ड कोस्टच्या रुग्णालयात काम करत होते. २ जुलैला त्यांना ब्रिस्बेन विमानतळावर अटक झाली, आरोप न ठेवता बारा दिवस ताब्यात ठेवलं. ग्लासगो विमानतळावरच्या हल्ल्यातल्या जळत्या जीपमध्ये त्यांचं सिमकार्ड सापडलं, असं न्यायालयात सांगितलं गेलं. ते सिम होतं लिव्हरपूलला, नातलगाकडे. १६ जुलैला जामीन मिळाला आणि त्याच दिवशी मंत्री केव्हिन अँड्रूज यांनी चारित्र्याच्या कलम ५०१ खाली व्हिसा रद्द केला, म्हणजे जामीन मिळूनही सुटका नाही. त्यांचे वकील स्टीफन कीम यांनी पोलीस जबाबाची प्रत वर्तमानपत्राला दिली आणि लोकांना मूळ प्रश्नोत्तरं वाचायला मिळाली. २७ जुलैला खटला मागे घेतला गेला. ऑगस्टमध्ये फेडरल कोर्टाने व्हिसा-रद्दी उडवली, डिसेंबरमध्ये पूर्णपीठाने ते कायम केलं.

दोन्हीकडे क्रम एकच. ठाम विधान सकाळी, पहिल्या पानावर. दुरुस्ती आठवड्याने किंवा वर्षाने, अहवालात. २०१५ मध्ये वेगळं काय घडलं, तर दुरुस्तीला वेळच मिळाला नाही. पत्रक सकाळी आलं आणि कृती त्यानंतर होणार होती. मधल्या काही तासांत लोकांनी मूळ मजकूर स्वतः वाचला, मंत्र्याची टिप्पणी येण्याआधी. म्हणून ते जमलं. पत्रक काढलंच नसतं तर?

यारातीर

@जुनी_पानं, शेवटच्या प्रश्नाने अस्वस्थ केलं. पत्रक नसतं तर मोहीम कदाचित पार पडली असती आणि आपल्याला तिचं नावही कळलं नसतं. २०१३ पासून 'ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स' या आश्रयार्थींच्या बोटी अडवण्याच्या मोहिमेत तेच धोरण होतं, समुद्रातल्या गोष्टींवर बोलायचंच नाही. बॉर्डर फोर्स ॲक्ट २०१५ मध्ये आतली माहिती बाहेर देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. ताबाकेंद्रांत काम करणारे डॉक्टर हायकोर्टात गेले, तेव्हा सप्टेंबर २०१६ च्या अखेरीला आरोग्य कर्मचाऱ्यांना त्यातून वगळलं. फॉर्टिट्यूडमधून सरकारने काय धडा घेतला असेल, कमी थांबवायचं की कमी सांगायचं, हे मला खरोखर महत्त्वाचं वाटतं.

जुनी_पानं

याच शहरातली आणखी एक जुनी नोंद. नोव्हेंबर १९३४ मध्ये प्रागचे पत्रकार एगॉन किश युद्धविरोधी सभेसाठी आले, त्यांना बोटीवरून उतरू दिलं नाही. मेलबर्नच्या धक्क्यावर त्यांनी 'स्ट्रॅथएर्ड' बोटीवरून उडी मारली आणि पाय मोडून घेतला. सिडनीला त्यांना ५० शब्दांची श्रुतलेखन चाचणी दिली गेली, तीही स्कॉटिश गेलिक भाषेत, कारण नेहमीच्या युरोपीय भाषा त्यांना येत होत्या. हायकोर्टाने ती 'युरोपीय भाषा' या व्याख्येत बसत नाही म्हणून चाचणी उडवली. कायद्याप्रमाणे ही चाचणी कुठल्याही युरोपीय भाषेत देता यायची आणि प्रत्यक्षात ती नको असलेल्यालाच दिली जायची. आपल्याकडच्या लोकांनाही तिनेच बाहेर ठेवलं. ती संपली ती १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टने, म्हणजे ज्यातलं कलम १८८ आपण इथे वाचतोय त्याच कायद्याने. कुणाला विचारायचं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडायचं नाही, ही गोष्ट त्या कायद्याच्या जन्माशी जोडलेली आहे.

मध्यममार्गी

आता व्यवहाराचं. व्हिसावर असलेल्याला, किंवा पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) असलेल्याला, कुणी गणवेशात येऊन विचारलंच तर काय करावं? पासपोर्टवर तर काहीच चिकटवलेलं नसतं.

कलम_उपकलम

१ सप्टेंबर २०१५ पासून व्हिसाचं लेबल देणं बंदच झालं, फॉर्टिट्यूडनंतर चारच दिवसांनी. तेव्हापासून पुरावा म्हणजे व्हेवोची नोंद.

विचारणारा कोण आहे ते आधी पाहावं, ओळखपत्र मागावं. मग शांतपणे विचारावं, "मी जायला मोकळा आहे का? नसेन तर कुठल्या कलमाखाली थांबवलंय?" हा प्रश्न उद्धट नाही, उत्तर लक्षात ठेवावं. कलम १८८ खाली पुरावा मागितला असेल तर परदेशी नागरिकाने तो द्यावा लागतो, टाळाटाळीने संशय बळावतो. खोटं काही बोलू नये, खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. न समजलेल्या कागदावर सही करू नये. इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषा मागावा, टीआयएस ही सरकारी दुभाषी सेवा त्यासाठीच आहे.

व्हेवोला जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पासपोर्टचा देश आणि व्हिसा ग्रँट नंबर किंवा टीआरएन (अर्जाचा संदर्भ क्रमांक) लागतो. निकालाचं पान पीडीएफ करून फोनमध्ये ठेवावं, पण ते त्या तारखेपुरतं असतं, अधिकारी पुन्हा तपासणारच.

अडतं कुठे, तर सर्वात जास्त पासपोर्ट नवा केल्यावर. भारतीय पासपोर्टचं नूतनीकरण झालं की क्रमांक बदलतो आणि व्हिसा जुन्या क्रमांकाला चिकटलेला राहतो. नवा क्रमांक टाकला की व्हेवो काहीच दाखवत नाही. इमीअकाउंट या खात्याच्या ऑनलाइन सेवेतून किंवा फॉर्म ९२९ भरून नवा क्रमांक कळवावा, आणि बदल दिसेपर्यंत जुना पासपोर्टही जवळ ठेवावा. दुसरं, पीआरवाल्यांच्या व्हेवोवर पाच वर्षांनंतरची एक तारीख दिसते. ती *परत येण्याच्या* सोयीची मुदत आहे. देशात राहण्याचा हक्क त्या तारखेला संपत नाही, पण घाईत वाचणारा मालक किंवा अधिकारी तोच अर्थ काढतो. तिसरं, ब्रिजिंग व्हिसा, म्हणजे नव्या अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता व्हिसा. जुना व्हिसा चालू असेपर्यंत तो मंजूर असूनही लागू नसतो, त्यामुळे आत्ता लागू कुठला आणि त्याच्या अटी काय, हे तारखेनिशी पाहावं. जुन्या व्हिसावर काम करायची मुभा होती म्हणून ब्रिजिंगवरही असेल असं धरू नये.

संपादक मंडळ

सभासदांना विनंती : स्वतःच्या किंवा ओळखीच्या व्हिसा प्रकरणाचे तपशील इथे विचारू नयेत आणि कुणी वैयक्तिक सल्ला देऊ नये. ऑस्ट्रेलियात नोंदणीशिवाय इमिग्रेशन सल्ला देणं हा कलम २८० खाली गुन्हा आहे, फुकट दिला तरी. वकील किंवा नोंदणीकृत मायग्रेशन एजंटकडे जावं. एजंटचा सात आकडी क्रमांक ओमारा या एजंटांच्या नोंदणी कार्यालयाच्या नोंदवहीत तपासता येतो. अशा मजकुराचे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. सर्वसाधारण माहितीची चर्चा चालू ठेवावी.

सिडनीकर

संपादकांशी सहमत. सर्वसाधारण म्हणूनच विचारतो : घरी आले तर? आणि ताब्यात घेतलंच तर पहिले काही दिवस काय असतात? आणि हो, वरचं सगळं वाचून माझं मत थोडं हललंय. तपासणी असावी, पण यादीवरून आणि पत्त्यावर, चौकात नव्हे.

कलम_उपकलम

घरी आले तर वॉरंट मागावं आणि वाचावं. कलम २५१ चं शोध-वॉरंट न्यायाधीश देत नाही, खात्याचे वरिष्ठच देतात. तेव्हा 'कोर्टाची सही नाही म्हणजे खोटं' असं समजून दार अडवू नये. पण वॉरंट नसेल तर आत यायला संमती द्यायची सक्ती नाही. दार उघडं ठेवून बाजूला सरकणं हीसुद्धा संमती धरली जाऊ शकते, म्हणून 'आत यायची परवानगी देत नाही' असं स्पष्ट बोलावं.

ताब्यात घेतलं तर कलम २५६ : मागणी केली की वकिलाशी संपर्काची वाजवी सोय द्यावी लागते. *मागणी केली की*, म्हणून मागावी. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवायलाही सांगता येतं. आणि सर्वात निकडीचं कलम १९५ : कुठल्या व्हिसासाठी अर्ज करता येईल ही माहिती अधिकाऱ्याने दिल्यापासून कामकाजाचे २ दिवस मिळतात. त्या दोन दिवसांत 'अर्ज करणार आहे' असं लेखी कळवलं तर आणखी ५ कामकाजाचे दिवस. ती मुदत गेली की फक्त ब्रिजिंग किंवा संरक्षण व्हिसाचा रस्ता उरतो. शुक्रवारी संध्याकाळी ताब्यात घेतलं असेल तर शनिवार-रविवार मोजत नाहीत, पण त्या दोन दिवसांत वकील गाठायचं काम करून ठेवावं. सोमवार-मंगळवारात ते लेखी निवेदन जायलाच हवं.